अठरानंतरचा दवाखाना

बारावीचा निकाल लागला की सिंधुदुर्गात घरोघरी बॅगा भरल्या जातात. कोणी मुंबईला मामाकडे, कोणी पुण्याला हॉस्टेलवर, कोणी पणजी-म्हापशाच्या हॉटेलांत, कोणी वेर्ण्याच्या कारखान्यात. गिरण्यांच्या काळापासून हा जिल्हा आपली तरुण माणसं बाहेर पाठवत आला आहे. २००१च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार होती, २०११मध्ये ती ८ लाख ४९ हजारांवर उतरली. सबंध महाराष्ट्र वाढत असताना आपण घटलो, आणि त्यात बाहेर जाणाऱ्या तरुणांचा वाटा मोठा आहे.

या जाणाऱ्यांत काही मुलं-मुली अशी असतात की त्यांच्या बॅगेत कपड्यांबरोबर इन्शुलिन असतं, दम्याचा पंप असतो, फिटच्या गोळ्या असतात. कोणाच्या छातीवर तिसऱ्या-चौथ्या वर्षी झालेल्या ऑपरेशनचा व्रण असतो. आजार लहानपणापासूनचा, आणि बहुतेकांचा जन्मभराचा. इतकी वर्षं तो आईनं आणि बाळांच्या डॉक्टरांनी सांभाळला. यापुढे तो कोण सांभाळणार, हे मात्र कोणी बसून ठरवलेलं नसतं. ते कसं ठरवायचं, कधी ठरवायचं आणि त्यात कोणी काय करायचं, यासाठी ही पुस्तिका आहे. मालवणच्या किनाऱ्यावर मुलं तपासण्यात आयुष्य गेलेला डॉक्टर म्हणून तिला प्रस्तावना लिहिताना मला मनापासून समाधान वाटतं. हे काम फार आधी व्हायला हवं होतं.

हा प्रश्न आपल्या आजोबा-पणजोबांना पडलाच नव्हता, कारण अशी मुलं मोठी होतच नसत. जानेवारी १९२२मध्ये टोरोंटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिन टोचलं गेलं. इन्शुलिनवर जगलेला तो पहिला रुग्ण. त्याआधी मुलांचा मधुमेह म्हणजे काही महिन्यांची सोबत. थॉम्पसन पुढे सत्ताविसाव्या वर्षापर्यंत जगला. म्हणजे मधुमेह घेऊन तरुण झालेलं मूल ही गोष्टच जेमतेम शंभर वर्षांची आहे. हृदयात भोक घेऊन जन्मलेलं बाळ, थॅलेसीमियाचं बाळ, रक्ताचा कॅन्सर झालेलं मूल, यांच्याबाबतीत ती त्याहूनही नवी आहे. वैद्यकानं मुलांना वाचवलं, हे खरोखर मोठं काम झालं. वाचलेल्या मुलांना पुढं कुठं पाठवायचं याचा विचार मागं राहिला.

आपल्याकडच्या योजना पाहिल्या तर हे मागं राहणं स्पष्ट दिसतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३मध्ये सुरू झाला, आणि तोही आपल्याच राज्यात, पालघरला. त्याची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत येतात, जन्मजात दोष शोधतात, मुलांची ऑपरेशनं विनाखर्च करून देतात. मालवण तालुक्यातली कितीतरी मुलं या कार्यक्रमामुळे मुंबईपर्यंत पोचली आणि बरी होऊन परतली. पण त्याची मर्यादा अठरा वर्षं. जानेवारी २०१४मध्ये आलेला किशोर स्वास्थ्य कार्यक्रम एकोणिसाव्या वर्षी थांबतो. आणि मधुमेह-रक्तदाबाची जी सरकारी तपासणी गावोगाव होते, ती सुरू होते तिसाव्या वर्षापासून. अठरा-एकोणीस ते तीस या अकरा-बारा वर्षांत जुना आजार असलेल्या तरुणाची विचारपूस करणारी यादी कोणत्याच कार्यक्रमाजवळ नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे आणि ती मोलाची आहे, पण तिचा भर रुग्णालयात दाखल करून होणाऱ्या उपचारांवर. रोजची गोळी, शुगर तपासायच्या पट्ट्या, दर सहा महिन्यांची तपासणी यांचा भार घरावरच राहतो.

शिवाय अठरा हा आकडाही कागदावरचाच. बालरोगतज्ज्ञांची संघटना अठरापर्यंतचं मूल आपलं मानते, पण पुष्कळ सरकारी रुग्णालयांत मुलांचा वॉर्ड बाराव्या वर्षी संपतो. तेरा वर्षांच्या मुलीला दम लागला तर तिची खाट बायकांच्या वॉर्डात पडते, सत्तर वर्षांच्या आजीशेजारी. तिच्या बाळपणाचे डॉक्टर बाजूच्याच इमारतीत असतात, पण त्यांना कोणी कळवत नाही. मूल एका हातातून दुसऱ्या हातात गेलं, आणि दोन्ही हातांना त्याचा पत्ता नाही.

खोलीतलं चित्र आणखी वेगळं. सतरा वर्षांचा मुलगा समोर बसलेला असतो, मिसरूड फुटलेलं, बापाहून उंच. शेजारी आई, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली फाईल, पावसापासून जपलेली. मी मुलाला विचारतो, किती युनिट घेतोस? आई म्हणते, सकाळी बारा, रात्री आठ. मी म्हणतो, त्याला सांगू दे. ती म्हणते, “तेका काय ठावक? मीच देतंय.” मुलगा मोबाइलकडे बघत राहतो. या आईला दोष देण्याचा विचारही माझ्या मनाला शिवत नाही. रात्री दोन वाजता उठून तिनं त्याच्या कपाळावरचा घाम चाचपला आहे, साखर उतरली की काय म्हणून. त्याचा डबा, त्याची सहल, शाळेतल्या बाईंना समजावून सांगणं, सगळं तिनं केलं आहे. पण सहा महिन्यांनी हा मुलगा दादरला उतरणार आहे, आणि तिथं ती नाही.

तिथं त्याला भेटणार ते मोठ्यांचे डॉक्टर. मुलांच्या दवाखान्यात तारीख चुकली तर आम्ही कोणाकरवी तरी निरोप धाडतो. मोठ्यांच्या ओपीडीत शंभर माणसं रांगेत असतात, आला नाही तो आला नाही. तिथले डॉक्टर मधुमेह रोज पाहतात, पण तो बहुधा पन्नाशीतल्या माणसाचा. अठरा-वीस वर्षांच्या सडपातळ मुलाला इन्शुलिनशिवाय एक-दोन दिवसही काढता येत नाहीत, हे त्याला स्वतःला ठणकावून सांगता आलं पाहिजे. गोळीवर भागेल का बघू, असं कोणी म्हटलं, किंवा गावातल्या कोणी काढा सुचवला, तर नाही म्हणता आलं पाहिजे. हे बळ ऐनवेळी येत नाही. त्याला चार-पाच वर्षं लागतात.

म्हणून या पुस्तिकेचं जे मुख्य सांगणं आहे ते माझंही आहे: हस्तांतर होतं ते आधी आईकडून मुलाकडे, आणि मग डॉक्टरकडून डॉक्टरकडे. पहिलं झालं नसेल तर दुसऱ्याचा फारसा उपयोग नाही. सुरुवात बारा-तेराव्या वर्षी करायची. आधी आजाराचं नाव, मग औषधाचं नाव, मग मात्रा, मग औषध संपण्याआधी दुकानात जाऊन आणणं, मग डॉक्टरांशी पाच मिनिटं एकट्यानं बोलणं. ब्रिटनमध्ये २०१६ साली यासाठी राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना निघाल्या. त्यांतही तेरा-चौदाव्या वर्षीच आखणी सुरू करा, मुलाला एक ठरावीक माणूस नेमून द्या, आणि नवीन डॉक्टरांची भेट जुन्यांकडे येणं बंद होण्याआधीच घडवा, असं म्हटलं आहे. आपल्या जिल्ह्यात मात्र मुदत अठराव्या वाढदिवसाची धरून चालणार नाही. आपली मुदत बारावीच्या निकालाची, आयटीआयला जाणाऱ्याची तर दहावीच्या निकालाची.

एवढा आटापिटा कशाला, असं कोणाला वाटेल. ऑक्सफर्डच्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी २०१२मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक अनुभव मांडला, तो मी विसरू शकत नाही. दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलेले नऊ तरुण नेहमीच्या पद्धतीनं, नुसत्या पत्रावर, मोठ्यांच्या विभागात गेले. त्यांतल्या सहांचं मूत्रपिंड निकामी झालं. मग तिथल्या डॉक्टरांनी पद्धत बदलली. मुलांचे आणि मोठ्यांचे डॉक्टर एकत्र बसू लागले, पुढची ओपीडी रुग्णालयाबाहेर, तरुणांच्या वावरातल्या जागी भरू लागली, तरुणांशी बोलणारा एक कार्यकर्ता जोडीला आला, आणि मुलं एकमेकांना भेटू लागली. या वाटेनं गेलेल्या बाराजणांपैकी एकाचंही मूत्रपिंड गेलं नाही. आकडे लहान आहेत, हे कबूल. पण नवं औषध आलं नव्हतं, नवं यंत्र आलं नव्हतं. फरक पडला तो माणसं एकमेकांना भेटल्यानं.

आपल्याकडेही उदाहरण आहे, आणि ते परळला आहे. परळ आम्हा कोकणातल्या माणसांना परकं नाही. आमच्या कित्येक पिढ्या तिथल्या चाळींत राहिल्या. तिथं १९२६चं केईएम आणि १९२९चं वाडिया बालरुग्णालय एकाच रस्त्यावर शेजारी-शेजारी आहेत. जवळच टाटा रुग्णालय. टाटामध्ये १९९१ साली डॉ. पूर्णा कुरकुरे यांच्या पुढाकारानं एक वेगळी ओपीडी सुरू झाली, लहानपणी कॅन्सर होऊन बऱ्या झालेल्यांसाठी. उपचार संपले म्हणजे संबंध संपला असं तिथं मानत नाहीत. लहानपणी घेतलेल्या औषधांचा आणि किरणांचा परिणाम हृदयावर, वाढीवर, मूल होण्यावर वीस वर्षांनीही दिसू शकतो, म्हणून त्यांना वर्षानुवर्षं बोलावतात. याच बऱ्या झालेल्या तरुणांचा ‘उगम’ हा गट २००९पासून इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधारानं काम करतो. जे आजारातून गेले तेच नव्यांचा हात धरतात. कॅन्सरसाठी हे जमलं, तर मधुमेह, फिट, हृदयाच्या झडपेचे आजार यांच्यासाठी का जमू नये?

आता किनाऱ्याविषयी थोडं, कारण मुंबई-पुण्यात छापलेल्या माहितीपत्रकांत हे सापडणार नाही. आपली सगळीच मुलं बाहेर जात नाहीत. दांडी, सर्जेकोट, देवबाग, आचरा इथली मुलं होडीवर जातात, पर्यटकांना घेऊन समुद्रात उतरतात. इन्शुलिन घेणाऱ्यानं मासेमारीला जायचं नाही असं या पुस्तिकेत कुठंही म्हटलेलं नाही, आणि ते योग्यच आहे. पण जाळं ओढण्याची मेहनत झाली की साखर उतरते, कधी काही तासांनी, रात्री झोपेत उतरते. खिशात ग्लुकोज हवं आणि होडीवरच्या एकाला तरी ठाऊक हवं. साखर उतरलेला माणूस घामाघूम होतो, थरथरतो, असंबद्ध बोलतो, तोल जातो. बंदरावर अशा माणसाला लोक दारू पिऊन पडलाय म्हणून तसाच सोडतात. त्यात खरोखरच थोडी दारू घेतलेली असेल तर धोका वाढतो, कारण दारूनं साखर आणखी खाली जाते. हे तरुणांना उघडपणे सांगायला हवं. गोव्यात कामाला जाणाऱ्या मुलाला नुसतं ‘दारू वाईट’ म्हणून भागत नाही.

फिट येणाऱ्यानं स्कूबा डायव्हिंग करू नये, हे मात्र ठामपणे सांगायला हवं. पाण्याखाली आलेली फिट जीव घेते. तारकर्ली-मालवणात हा रोजगार वाढतो आहे, आणि नोकरी जाईल म्हणून आजार लपवणारी मुलं मला माहीत आहेत. जागरणानंही फिट येते. कार्तिकी पौर्णिमेनंतर जत्रा सुरू होतात, दशावतार पहाटेपर्यंत चालतो. नाटक बघू नकोस असं मी कधीच म्हणत नाही. गोळी वेळेवर घे, दुपारी झोप काढ, आणि दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरू नकोस, एवढंच सांगतो.

इन्शुलिन थंड ठेवावं लागतं. मे २०२१मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं आणि कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. तेव्हा ज्या घरांना मातीच्या ओल्या मडक्यात इन्शुलिन ठेवण्याची रीत ठाऊक होती, त्यांचं औषध टिकलं. शहरातल्या हॉस्टेलच्या खोलीत फ्रिज नसतो, तिथंही हीच रीत उपयोगी पडते. आणखी एक बारीक पण जिवावरची गोष्ट. आपल्याकडे इन्शुलिनची बाटली बहुधा मिलिलिटरला ४० युनिटची मिळते आणि तिची सिरिंजही ४०ची, लाल टोपणाची. पेनमधलं इन्शुलिन १०० युनिटचं असतं. पेन बिघडलं म्हणून त्याच्या नळीतून लाल टोपणाच्या सिरिंजनं औषध ओढलं, तर दहा युनिट समजून पंचवीस युनिट अंगात जातात. नव्या गावात, नव्या दुकानात, घाईत ही चूक होते. ती टाळायला दोन मिनिटांची शिकवण पुरते, पण ती मुलाला दिलेली असावी लागते, आईला नव्हे.

मुलींविषयी लिहिताना मन जड होतं. मुलगा अठराचा झाला की घरात त्याच्या नोकरीचा विषय निघतो, मुलगी झाली की स्थळाचा. आणि स्थळ आलं की फाईल माळ्यावर जाते. सोयरीक मोडेल या भीतीनं गोळ्या थांबवल्या जातात, किंवा लग्नानंतर ती चोरून घेते, एक दिवस पकडली जाते आणि सगळंच उधळतं. फिट हे कारण धरून लग्न रद्द ठरवण्याची तरतूद हिंदू विवाह कायद्यात होती, ती १९९९मध्ये काढून टाकण्यात आली. एवढ्या वर्षांनीही हे घराघरांत पोचलेलं नाही. फिटसाठी दिलं जाणारं व्हॅल्प्रोएट हे औषध गर्भाला अपाय करू शकतं. म्हणून लग्नाचा विचार सुरू होण्याच्या कितीतरी आधी, चौदा-पंधराव्या वर्षीच, औषध बदलता येईल का हे मेंदूविकारतज्ज्ञांशी बोलायला हवं. गोळी आपल्या मनानं बंद करणं त्याहूनही धोक्याचं. संधिवाताच्या तापानं हृदयाची झडप खराब झालेल्या मुलीला दर २१ दिवसांनी पेनिसिलिन टोचून घ्यावं लागतं, काहींना चाळिशीपर्यंत किंवा त्याहून पुढं. गावातल्या सिस्टर तिला ओळखत असतात, तारीख लक्षात ठेवतात. ती सासरी गेली की तिथल्या सिस्टरना कोण सांगणार? गरोदरपणात पाचव्या महिन्यात दम लागून ती दवाखान्यात येते, तेव्हा झडपेची गोष्ट पहिल्यांदा बाहेर पडते. अशा मुलींची माझी नोंदवही मी हल्ली उघडत नाही.

मूल एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जातं तेव्हा शाळा सोडल्याचा दाखला घेतल्याशिवाय कोणी त्याला सोडत नाही. दवाखाना सोडताना असा कागद मिळत नाही. या पुस्तिकेत एका पानाच्या गोषवाऱ्याचा नमुना दिला आहे: आजार कोणता, कधी कळला, कोणतं ऑपरेशन कुठं झालं, आज कोणतं औषध किती, कोणतं औषध सोसत नाही, तातडीत काय करायचं, कोणाला फोन करायचा. फाईल घरी राहू दे, हे पान मुलाच्या पाकिटात आणि मोबाइलमध्ये हवं. मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात हे पान उपयोगी पडेल, केईएममध्येही पडेल.

बांबोळीचं नाव निघालं म्हणून सांगतो. १ जानेवारी २०१८पासून तिथं गोव्याबाहेरच्या रुग्णांना पैसे पडू लागले तेव्हा दोडामार्गात मोठं आंदोलन झालं. आपला जिल्हा दुसऱ्या राज्याच्या रुग्णालयावर किती विसंबून आहे हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. त्यानंतर पडव्याला आणि सिंधुदुर्गनगरीला वैद्यकीय महाविद्यालयं उभी राहिली. माझं दोन्हींकडे एकच मागणं आहे. महिन्यातून एक दिवस बालरोग आणि मेडिसिन या दोन विभागांच्या डॉक्टरांनी एका खोलीत, एका टेबलाशी बसावं आणि चौदाच्या पुढची जुन्या आजाराची मुलं तिथं बोलवावीत. शाळा तपासणाऱ्या पथकाकडे या मुलांची नावं आहेतच. नववीतल्या नावांची यादी ग्रामीण रुग्णालयाला द्यावी, एवढ्यानंही सुरुवात होईल. गावाबाहेर गेलेली मुलं गणपतीला आणि शिमग्याला हमखास घरी येतात. आशाताईंनी तेव्हा त्यांच्या घरी एक फेरी मारावी.

काही मुलं मात्र स्वतःचा आजार कधीच एकट्यानं सांभाळू शकणार नाहीत. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या आईबापांना अठराव्या वर्षी एक धक्का बसतो: कायद्यानं मूल सज्ञान झालं, आता त्याच्या वतीनं सही कोण करणार? १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून पालकत्व मिळवता येतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसीमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेलही धरले आहेत. अर्ज कुठं करायचा, कोणते कागद लागतात, हे पुस्तिकेच्या तिसऱ्या भागात नीट दिलं आहे. सतराव्या वर्षीच ते कागद जमवायला घ्या, अठरा उलटेपर्यंत थांबू नका.

शेवटी तुमच्याशी, ज्यांच्यासाठी हे लिहिलं गेलं त्या मुला-मुलींशी. पुस्तिका पहिल्या पानापासून वाचायलाच हवी असं नाही. आपल्या आजाराचं प्रकरण आधी वाचा, मग गोषवाऱ्याचं पान पेन्सिलीनं भरून बघा. जिथं अडाल तिथं आईला विचारा, तिला सगळं ठाऊक आहे. पुढच्या तारखेला दवाखान्यात गेलात की आधी तुम्ही एकटे आत या, पान टेबलावर ठेवा आणि मनात असेल ते विचारा. लग्नाचं, दारूचं, नोकरीचं, काहीही. आईला आपण नंतर आत बोलावू, आणि काय ठरलं ते तुम्हीच तिला सांगा.